मदत हवी आहे: फॉरवर्डरने (माल परदेशी पाठवून देणाऱ्या एजंटने) बँक खातं बदललंय, जहाजाचं भाडं भरू का? (तातडीचं)

निफाडी_द्राक्ष: लवकर सांगा. आमचा द्राक्षांचा रीफर (थंड कंटेनर) न्हावा शेव्याहून निघालाय, रॉटरडॅमला. काल मेल आला की सायबर हल्ल्यामुळे जुनं खातं बंद, भाडं नव्या खात्यात भरा, मगच बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल ताब्यात घ्यायचा कागद) सोडू. आज संध्याकाळपर्यंतची मुदत आहे. बीएलशिवाय तिकडे माल कोण देणार? भरू का?

जुना_खलाशी: मेल कुणाचा? लाइनचा (जहाज कंपनीचा) की फॉरवर्डरचा? खातं कुणाच्या नावावर? फोन केलात का? अर्धवट विचारायचं आणि वर घाई!

निफाडी_द्राक्ष: शीर्षकात लिहिलंय की, फॉरवर्डरचा. जुन्या मेलच्या खालीच उत्तर आलंय, कंटेनर नंबरसुद्धा बरोबर. ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही, मेलमधल्या नव्या नंबरवरचा माणूस मात्र पहिल्याच रिंगला उचलतो. खातं कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं आहे.

आडगाव_नाका: हल्ला खरा असू शकतो हो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली, तेव्हा जेएनपीटीतलं (न्हावा शेवा बंदरातलं) त्यांचं टर्मिनलही अडकलं होतं. २०२३ मध्ये जपानचं नागोया बंदर दोन दिवसांहून जास्त ठप्प होतं. भरून मोकळे व्हा, द्राक्ष थांबत नाही.

कॉलेजरोड_आयटी: काहीही सल्ले देऊ नका. हल्ला झाला तर संगणक बंद पडतात, भाडं ट्रेडिंग कंपनीच्या नावावर जात नाही! जुन्या मेलखाली उत्तर आलंय म्हणजे त्यांच्या किंवा तुमच्या मेलबॉक्समध्ये कोणीतरी बसून वाचतंय. रिप्लाय दाबून पत्ता अक्षरन् अक्षर तपासा. सेटिंगमध्ये तुम्ही न लावलेला फॉरवर्डिंगचा नियम दिसतो का बघा, मग पासवर्ड बदला. आधी पासवर्ड बदलून भागत नाही, नियम तसाच राहतो.

जुना_खलाशी: खरा धोका समुद्रात आहे. एआयएसचे (जहाज आपली जागा सांगतं त्या यंत्रणेचे) संदेश कोणी पडताळत नाही, जीपीएस बिघडवलं की जहाज नकाशावर जमिनीवर दिसतं. म्हणून तर आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) जानेवारी २०२१ पासून जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापनात सायबर जोखीम घ्यायला लावली.

कॉलेजरोड_आयटी: काका, ते जहाजाला. फॉरवर्डरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसला कोण विचारतं? तिथे एकच पासवर्ड सगळ्यांना पाठ असतो.

सिडकोची_ताई: विषय निघालाच आहे तर, भाच्याला मर्चंट नेव्हीत जायचंय. बारावीला फिजिक्स लागतं का?

जुना_खलाशी: डेकला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही. वेगळा धागा काढा ताई.

ओझर_पॅकहाऊस: यंदा किलोला काय भाव बसला?

निफाडी_द्राक्ष: भाव नंतर! सीएचएला (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटला) मेल दाखवला. तो म्हणतो फॉरवर्डरचं असं खातंच नाही. ऑफिसला माणूस धाडलाय, पैसे थांबवले. पण बीएलचं काय?

कॉलेजरोड_आयटी: जुन्या बिलावरच्या खात्यात भरा, पण आधी तुमच्या माणसाला त्यांच्या अकाउंटंटसमोर बसवून खातं पक्कं करा. आणखी कोणी याच खात्यात भरले असतील तर त्यांनी आत्ता १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

ओझर_पॅकहाऊस: भाडं पोचलं की बीएल सरेंडर करून (इथेच परत देऊन) टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडायचा संदेश) मागा, कुरिअरचे दिवस वाचतात. पण माल सोडल्याचा संदेश तिकडच्या एजंटकडे गेल्यावर कंटेनर परत तुमच्या हातात नाही. ग्राहकाकडून पैसे येणं असेल तर ते आधी बघा.

आडगाव_नाका: म्हणजे परत मेलवरच भरवसा?

ओझर_पॅकहाऊस: बीएल लाइनचं असेल तर तो मेल लाइनचा एजंट पाठवतो हो, फॉरवर्डर नाही. आणि निफाडकर, तुमचं बीएल लाइनचं (मास्टर) आहे की फॉरवर्डरचं (हाउस बीएल)? ते सांगितल्याशिवाय पुढचं कसं सांगू?