आधी व्याकरणच का?
'व्याकरण पक्कं झाल्याशिवाय कामाचं इंग्रजी शिकवू नये' हा मुद्दा काही पटला नाही. ग्राफिक डिझाइन, अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांची गाडी काळांपाशी नाही, क्लायंटच्या मोघम शेऱ्यापाशी अडते. 'मेक इट पॉप' (जरा उठून दिसू दे) म्हटलं की मुलं माना डोलावतात आणि रात्रभर भलतंच बदलत बसतात. तिथे 'रंग बदलू की अक्षरं मोठी करू?' एवढं इंग्रजीत विचारता यायला हवं. मी त्यांना स्वतःचंच पोस्टर समोर ठेवून प्रिंटरला मेल लिहायला लावते: साइज, ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई), सीएमवायके (छपाईची चार रंगांची पद्धत), प्रूफ (छपाईआधीचा नमुना) कधी मिळेल. विषय हातातला असल्यामुळे वाक्यं सुचतात. क्रियापदं चुकतात, चुकू देत. फोनवरच्या बोलण्याची तयारी मात्र वेगळी करून घ्यावी लागते. तिथे खोडून लिहायची सोय नसते.