'स' यादीबद्दल अवाक्षर नाही, आणि म्हणे पारदर्शक कारभार!

जुना_पेठकर
आमच्या प्रभागातल्या एका अपक्ष उमेदवाराचं निवेदन काल माझ्यापर्यंत पोचलं. "प्रत्येक निर्णय पुराव्यावर आधारित असेल, प्रभागात खर्च होणारा प्रत्येक रुपया लोकांसमोर मांडेन." माणूस सज्जन आहे, प्रश्न तो नाही. पण वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोन पानांत 'स' यादीचा, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या अंदाजपत्रकातल्या यादीचा, उल्लेख नाही. वर्गीकरणाचा नाही. अहो, पुणे महापालिकेत नगरसेवकाच्या हातात खरा पैसा येतो तो तिथे! एका कामासाठी धरलेली तरतूद वर्षअखेरीला वर्गीकरणाने भलतीकडे वळते आणि प्रभागातल्या लोकांना ते रस्ता खणल्यावर कळतं. खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत 16 जण, तेही पक्षांच्या संख्याबळावर जाणारे. हे गृहस्थ सभागृहात 165 पैकी एक आणि प्रभागात चारांपैकी एक असणार. उरलेल्या तिघांचे हिशेब हे कुठून मांडणार?

स्वतःच्या यादीतलं प्रत्येक काम इस्टिमेटसकट आधी क्षेत्र सभेपुढे, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेपुढे ठेवीन, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी मी त्यांच्यासाठी दारोदार फिरलो असतो. क्षेत्र सभांची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे. तुमच्यापैकी कुणी एक तरी सभा पाहिली आहे का?

घाटमाथा
काका, मार्च 2022 पासून सभागृहच नव्हतं. प्रशासक ठराव मांडणार, प्रशासकच मंजूर करणार. आता कुठे 15 जानेवारी 2026 ला मतदान होतंय, तर पहिला दगड तुम्ही उभा राहिलेल्या माणसालाच मारताय. पक्षवाले जेवणावळी घालतायत, त्यांच्यावर एक ओळ नाही तुमची.

जुना_पेठकर
पक्षवाल्यांकडून अपेक्षाच नाही. जो पारदर्शकतेच्या नावाने मत मागतो त्यालाच विचारणार. आणि प्रशासकाच्या काळात अहवाल आणि सल्लागार काय कमी होते? चुकलं तर धरायला माणूस नव्हता, ही अडचण होती.

मीनल_वस्ती
मला 'पुरावा' या शब्दाचीच धास्ती वाटते. पुरावा म्हणजे बहुतेक वेळा ॲपवर आलेल्या तक्रारी. सोसायटीत दिवा गेला की दहा तक्रारी जातात. मी जिथे काम करते त्या वस्तीत सार्वजनिक संडासाच्या दारांना कड्या नव्हत्या. बायका एकमेकींसाठी बाहेर उभ्या राहायच्या. तक्रारींची संख्या शून्य! कड्या बसल्या त्या पाचवी शिकलेल्या एका नगरसेविकेने रोज सकाळी तिथे चक्कर मारली म्हणून. तिने कुठला तक्ता पाहिला नव्हता.

घाटमाथा
मीनलताई, तिने डोळ्यांनी पाहिलं, तोही पुरावाच झाला.

मीनल_वस्ती
असेल. मग तुमच्या उमेदवाराने पहाटे सहाला तिथे यावं. निवेदन छापून होणार नाही ते.

लाल_बस
पुराव्याचा विषय निघालाच आहे तर बीआरटीबद्दल, म्हणजे बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गिकेबद्दल बोला. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशात सगळ्यात आधी पुण्याने सुरू केली. थांबे रस्त्याच्या मध्ये, पण तिथवर पोचायला धड वाट नाही, मार्गिका मध्येच तुटते. अर्धवट केली आणि मग म्हणाले, चालत नाही. नगर रस्त्यावरची तर उखडूनच टाकली. बसमध्ये बसलेल्यांना कुणी विचारलं? मी रोज त्या मार्गाने कामावर जायचो, बस सरळ निघायची. आता मोटारींच्या मागे उभी असते.

नगररोडवासी
साफ चूक. त्या मार्गिकेत दुचाकी घुसायच्या, रिक्षा घुसायच्या. थांब्याकडे जाताना माझी आई एका दुचाकीखाली येता येता वाचली. काढली ते उत्तम झालं. तुम्हाला मोकळी बस दिसते, आम्हाला रस्ता ओलांडायची भीती दिसायची.

लाल_बस
दुचाकी घुसते म्हणून मार्गिका काढायची? मग फुटपाथही काढा, तिथेही घुसतातच. घुसणाऱ्याला अडवणं हे काम होतं. पिंपरी-चिंचवडमध्ये चालते ती कशी?

नगररोडवासी
तिकडचे रस्ते बघितलेत का किती रुंद आहेत? उगाच तुलना नको. आणि आईबद्दल लिहिलं त्यावर फुटपाथची कोटी करता, लाज वाटायला हवी.

लाल_बस
कोटी नाही केली. तुमच्या आईला सुरक्षित ओलांडता यावं, हेच माझंही म्हणणं. सिग्नल आणि वॉर्डन मागायला हवा होता, तुम्ही मार्गिकेवर कुदळ मागितली.

घाटमाथा
धागा बीआरटीवर नाहीये!

लाल_बस
आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला तेव्हा त्याला पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती. आधी बांधा, मग मेट्रोसाठी पाडा. हे निर्णय कुठल्या आकड्यांवर झाले, हे त्या वेळी सभागृहात ठणकावून विचारणारा एक जण असता तर? मला तो एक हवा आहे. 165 मधला एक का असेना.

जुना_पेठकर
हे मात्र मान्य करावं लागतंय. प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही. लेखी प्रश्न इतिवृत्तात राहतो. पण त्यासाठी वर्गीकरण म्हणजे काय हे तरी माहीत हवं ना त्या माणसाला!

घाटमाथा
मी त्यांना फोन केला होता आत्ता. वर्गीकरण माहीत आहे, 'लोकांना कळणार नाही म्हणून लिहिलं नाही' म्हणाले.

जुना_पेठकर
बघा! लोकांना कळणार नाही म्हणून वगळलं. हेच तर अधिकारी आम्हाला आयुष्यभर सांगत आले. त्यांना म्हणावं, एक पान वाढवा आणि गेल्या वेळची आपल्या प्रभागाची 'स' यादी छापा, कामाचं नाव आणि रक्कम. माहिती अधिकारात मागितलेली प्रत माझ्याकडे आहे, उद्या आणून देतो. छापली तर मत त्यांना.

नगररोडवासी
आणि बीआरटी परत आणणार का ते आधी लिहून घ्या. आणणार असतील तर माझं मत नाही.