साहेब बाई असली की मनावर काय परिणाम होतो? अनुभव सांगा

आरोग्य केंद्र, बँक, पंचायत समिती, शाळा. आपल्या तालुक्यांत वरच्या खुर्चीवर बाई दिसणं आता नवलाचं नाही. त्यांच्या हाताखाली काम करताना मनाला उभारी आली की धसका बसला? गुळमुळीत नको, खरं लिहा.

आशा स्वयंसेविका, घाटंजी तालुका
आधी मासिक सभेत नाव पुकारून उभं करायचे, "तुह्यं काम काहून राहिलं?" सभेच्या आदल्या रात्री मला झोप यायची नाही. नव्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, ज्यांचं काम राहिलं त्यांनी चहा झाल्यावर एकेकटीनं भेटायचं. माझी नोंदवही चाळून त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात या पोडावर तू जाते कशी?" पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. वाटेतल्या नाल्याला पूर असतो, हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. त्या पोडाचे दिवस त्यांनी बदलून दिले. मानधन तेवढंच, काम तेवढंच. छातीतली धडधड गेली.

हिशेबनीस, जिनिंग, वणीकडे
बाबा गेल्यावर मी कोणाशी बोलेनासा झालो. कारभार पाहणाऱ्या वहिनींच्या ते ध्यानात आलं. कापसाच्या गाड्यांची रांग लागली असतानाही त्यांनी सुट्टी दिली, वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून दिला. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. मोठ्या मालकांना मी "जरा बरं नाही" याच्या पुढे काही सांगितलं नसतं.

कंत्राटी कर्मचारी, वाशीम जिल्हा
माझा अनुभव उलटा आहे. आमच्या मॅडम रात्री अकराला व्हॉट्सॲपवर अहवाल मागायच्या. लेकरू तापानं फणफणलेलं, तर म्हणे, "आम्ही नाही का पोरं सांभाळून नोकरी केली?" हे बाईच्या तोंडून ऐकताना जास्त लागतं.

शाखा व्यवस्थापक, यवतमाळ जिल्हा
खुर्चीवरच्या बाईचंही ऐका. मी आले तेव्हा शाखेतल्या बाया दिवसभर पाणी पीत नव्हत्या, कारण संडासाला कडी नव्हती. आधी ती बसवली. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असली तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. आम्ही कमी आहोत, म्हणून जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावला. माणसं मोकळी बोलू लागली. पण पीककर्जाच्या दिवसांत लोक माझ्यासमोर उभे राहून मलाच विचारतात, "साहेब कुठं आहे?" वरून वसुलीचा तगादा. तो ताण मी खाली कोणावर काढत नाही, आणि वर सांगावा अशी एकही बाई तिथं बसलेली नाही.