तबल्याचा रियाज आणि ओपीडी : कुणाला असा अनुभव आहे का?

विलंबित_सांगली
नमस्कार मंडळी. विश्रामबागला माझी ओपीडी आहे, एमडी मेडिसिन, प्रॅक्टिसला चौदा वर्षं झाली. शाळेत असताना तबल्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या होत्या, मग बारावी सायन्स आली आणि जोडी माळ्यावर गेली ती गेलीच. गेल्या वर्षी वडील वारले, घर आवरताना ती सापडली, डग्ग्याची पुडी फाटलेली, वाद्या ढिल्या. मिरजेत नेऊन दोन्ही पुड्या बदलून आणल्या आणि तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला तासभर बसतो.

आता विचारायचं ते असं. घरातले एक ज्येष्ठ परवा म्हणाले, डॉक्टर माणसाने तेवढा तास पेशंटला नाहीतर वाचनाला द्यावा. ते मनाला लागलं. कारण मला तर उलटंच वाटतंय, मी पेशंटचं जास्त ऐकायला लागलोय. पूर्वी एखाद्या आजींनी गुडघ्यापासून सुरुवात केली की मी दुसऱ्या वाक्याला तोडायचो, प्रिस्क्रिप्शन अर्धं लिहून झालेलं असायचं. आता विलंबित म्हणजे संथ तीनतालात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यायची वाट बघतो ना, तसं आपोआप थांबलं जातं. मागच्या महिन्यात कवठेमहांकाळकडचे एक आजोबा शुगरच्या गोळ्या घ्यायला आले होते, सगळं बोलून झालं, मी काही न बोलता बसून राहिलो तर उठता उठता म्हणाले, चढावर सायकल ढकलताना छातीवर दगड ठेवल्यागत होतंय. लगेच ईसीजी काढला, पुढे अँजिओग्राफी झाली, वेळेत झाली. हे तबल्यामुळे झालं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, पण दोन वर्षांपूर्वीचा मी तोवर पुढच्या पेशंटला हाक मारली असती हे नक्की. कुणाला असं काही जाणवलंय का?

तरफ_मिरज
डॉक्टर, मी भूलतज्ज्ञ, मिरजेतच काम करते, सतार शिकतेय नऊ वर्षं. कानाचं म्हणाल तर आमच्या कामात तो रोज लागतो. पल्स ऑक्सिमीटरचा बीप असतो ना, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण उतरलं की त्याचा सूरही उतरतो. मॉनिटरकडे पाठ असली, मी सलाईन बघत असले तरी सूर जरा ढळला की मान आपोआप वळते. आकडा बघायचा तो बघायचाच, पण कान आधी सांगतो.

पण माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. ओटीत सगळे "हो मॅडम" म्हणतात. गुरुजींकडे गेलं की एक मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं) चुकली की ते एवढंच म्हणतात, "परत." पुन्हा चुकली, पुन्हा "परत." वर्षानुवर्षं कुणीतरी आपली चूक तोंडावर सांगतंय आणि आपण ती ऐकून घेतोय, ही सवय डॉक्टरला दुसरीकडे कुठे लागते? आता ज्युनियर सिस्टरने "मॅडम, हा डोस एकदा बघता का" म्हटलं की मला राग येत नाही, मी थांबून बघते. पूर्वी यायचा.

अजिंक्यताऱ्याखाली
वयाने मोठा आहे म्हणून तुला अरेतुरे करतो. मी साताऱ्याचा, रिटायर्ड फिजिशियन, पेटी वाजवतो. सुरुवातीची वर्षं पाटण तालुक्यात काढली, एक्सरे काढायचा तर पेशंटला एसटीत घालून कराडला पाठवायचा. तेव्हा बोटांवर आणि कानांवरच भिस्त. छातीवर डावं मधलं बोट टेकवून उजव्या बोटाने ठोकत खाली यायचं, फुप्फुसात हवा आहे तिथे घुमतं, पाणी सुरू झालं की आवाज दगडासारखा मठ्ठ होतो. तू तबलजी आहेस, मधल्या काळ्या शाईच्या आणि कडेच्या चाटेच्या आवाजातला फरक तुला सांगायला नको.

ही ठोकून बघायची पद्धत ज्याने १७६१ साली व्हिएन्नात छापली तो आउएनब्रुगर. बाप खानावळवाला, दारूची पिंपं ठोकून किती भरलंय ते बघायचे ती रीत त्याला घरातूनच ठाऊक होती असं सांगतात, आणि गडी संगीतातलाही होता, सालिएरी या संगीतकाराच्या एका ऑपेराची संहिता त्याने लिहिलीय. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप काढणारा लेनेक बासरी वाजवायचा, आधी कागदाची सुरळी करून ऐकलं, मग लाकडाची पोकळ नळी केली. ज्येष्ठांना हे सांग हवं तर.

आणि आपल्याकडचंच घे की. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, लहानपणी फटाक्याने डोळे गेल्यातच जमा, उपचाराला मिरजेला आणलं, आणि तिथल्या डॉक्टरांनीच गाणं शिकवा म्हणून सुचवलं. मग बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम झाली आणि १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं. डोळे परत देता आले नाहीत तरी त्या डॉक्टरला पोराचा गळा ऐकू आला. मला याचं फार अप्रूप आहे.

नाईट_ड्युटी_पीजी
सर, हे सगळं पटतं, पण आम्हाला वेळ कुठाय? सलग छत्तीस तास ड्युटी झाली की गिटारच्या कव्हरवरची धूळ पुसायचीही ताकद राहत नाही.

तरफ_मिरज
@नाईट_ड्युटी_पीजी, अरे तेव्हा झोपच घे आधी, खरंच. रेसिडेन्सीत मी आठवड्यातून एकदा नुसती सतार जुळवायचे, वाजवायचे नाही. तेवढं पुरलं मला.

तासगाव_भजनी
मी डॉक्टर नाही, पेशंटची मुलगी. आमचे आप्पा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं आणि त्यांनी व्यायाम करायचंच सोडून दिलं, भिंतीकडे तोंड करून पडायचे. हॉस्पिटलमधले एक डॉक्टर राऊंडला आले, त्यांनी आप्पांची बोटं बघितली आणि विचारलं, "काय वाजवायचा?" मग स्वतः कॉटच्या कडेवर भजनी ठेका धरला. आप्पांनी डाव्या हाताने साथ धरली, आणि रडले. दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपीला नाही म्हणाले नाहीत. उजवा हात पूर्ण आला नाही पण घास तोंडात घालण्याएवढा आला. ते डॉक्टर स्वतः वाजवणारे नसते तर बोटांकडे कुणी बघितलं असतं हो?

विलंबित_सांगली
ताई, तुमचं दोनदा वाचलं. उद्यापासून केसपेपरवर वय आणि धंदा लिहितो तिथे एक प्रश्न वाढवतोय, काय गाता, काय वाजवता.

काका, तुमचा निरोप घरी वाचून दाखवला. ज्येष्ठ काही बोलले नाहीत, पण आज पहाटे तबला जुळवत होतो तर दाराशी येऊन उभे राहिले, बराच वेळ. मॅडम, रविवारी सतारमेकर गल्लीत येतोय, बायकोला गाणं परत सुरू करायचंय तर तानपुरा बघायचाय. जवारी, म्हणजे तारा घुमाव्यात म्हणून घोडी घासून नीट करणं, कुणाकडून लावून घ्यावी तेवढं व्यनि करा.