रि: [चर्चा] ठाण्याच्या घरचा राउटर आणि ‘ते बॅकएंडवरून होतं, मॅडम’

प्रेषक: अनघा (श्टुटगार्ट)

मंडळी, नमस्कार.

फराळाच्या ऑर्डरींच्या मेलमध्ये हे घुसडत नाही, म्हणून वेगळा विषय काढते. आई-बाबा घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ राहतात. तिथल्या नेटवाल्यांनी जुना डबा काढून नवा बसवला आणि तेव्हापासून दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मला इकडून दिसेनासं झालं. बाबांनी व्हिडिओ कॉलवर लॅपटॉपचा स्क्रीन दाखवला. लॉगिन होतं, वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो, पण डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर निवडायचा) रकाना करडा आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी घरातल्या ठराविक यंत्राकडे वळवायचं, पानच गायब. ब्रिज मोड करून द्या, म्हणजे डब्याने नेट नुसतं पुढे द्यावं आणि बाकी काम आमचा राउटर करेल, असं म्हटलं, तर टेक्निशियनचं उत्तर वर विषयात आहेच. कस्टमर केअर म्हणतं, कंपनी पॉलिसी. ठाण्यात कोणी यातून मार्ग काढलाय का?

अनघा

---

प्रेषक: श्रीराम (नौपाडा, ठाणे)

अगं अनघा, मी ठाण्याला परतलो तरी आपल्या या मेल-यादीतून नाव काढलेलं नाही, ते असल्याच कामांसाठी.

आधी डबा काय आहे ते सांगतो. फायबर थेट ज्यात शिरते तो पांढरा डबा म्हणजे ओएनटी. त्यातच राउटर आणि वायफायही असतं. त्याला लॉगिन दोन. खालच्या स्टिकरवर छापलेलं ते ग्राहकाचं, म्हणजे नावापुरतं. दुसरं कंपनीचं, ते कोणी देत नाही. शिवाय टीआर-०६९ नावाची व्यवस्था असते. तिच्यातून डबा स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देतो आणि तिथून आलेली सेटिंग मुकाट्याने लावून घेतो. ‘बॅकएंडवरून होतं’ म्हणतात ते हेच. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता, फक्त त्याच्या हातात काही नव्हतं. आणि बाजारातून दुसरा ओएनटी आणून लावशील तर तोही चालणार नाही, कारण कंपनीच्या टोकाला डब्याचा सिरियल नंबर नोंदवलेला असतो.

आता कॅमेरा. बाबांना स्टेटसच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे डब्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघायला सांग. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगचं पान मिळूनही काही उपयोग नाही. तो पत्ता कंपनीच्या आतल्या जाळ्यापुरता असतो आणि बाहेरचा एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्याला सीजीनॅट म्हणतात. आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही४चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा, साठा २०११च्या एप्रिलमध्येच तळाला गेला. २०१२ साली हा आकड्यांचा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला. इथवर मी कंपनीला दोष देत नाही, पत्ते नाहीत तर नाहीत. पण आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, दिलेली असताना बाहेरून येणारं सगळं अडवायचं आणि ते उघडायची खिडकीच ग्राहकाला दाखवायची नाही, ही मात्र निव्वळ मनमानी. वर ‘स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) घ्या, वेगळे पैसे पडतील’ हे ऐकवायला तयारच.

तू राहतेस तिथे हा प्रश्न कायद्याने सोडवला. १ ऑगस्ट २०१६पासून जर्मनीत राउटर कुठला लावायचा हे ग्राहक ठरवतो, आणि लागणारे लॉगिन तपशील कंपनीने न मागता, फुकट द्यायचे असतात. कंपनीचं जाळं भिंतीतल्या सॉकेटपाशी संपतं. आपल्याकडे २०१८ साली नेट न्यूट्रॅलिटी परवान्याच्या अटींत आली, पण तिचा रोख कुठली साइट अडवू नका, कुठली मुद्दाम हळू करू नका यावर. घरातला डबा कोणाच्या ताब्यात, याला त्यात हात घातलेला नाही. महावितरणचा हक्क मीटरपर्यंत. आत कुठल्या खोलीत कुठलं बटण लावायचं हे त्यांना कोणी विचारत नाही. इंटरनेटवाल्यांचं मीटर मात्र थेट बेडरूममध्ये येऊन बसलंय.

श्रीराम

---

प्रेषक: हेमंत (म्युनिक)

श्रीरामकाका, जरा उलट बाजूने बोलतो. माझ्या सासऱ्यांच्या नेरूळच्या घरी डबा कुलूपबंद आहे आणि मला त्याचं बरं वाटतं. यूट्यूबवर बघून कोणीतरी ‘स्पीड वाढवायला’ सेटिंग बदलतं, नेट बंद पडतं, आणि मग इथे माझा फोन पहाटे वाजतो. लाखो ग्राहकांचे डबे ज्याने त्याने अपडेट करावेत म्हटलं तर निम्मे कधीच होणार नाहीत.

हेमंत

---

प्रेषक: श्रीराम (नौपाडा, ठाणे)

हेमंत, अपडेट त्यांनीच करावेत, त्यात वाद नाही. पण दूरचा ताबा म्हणजे सुरक्षितता असं समजू नकोस. नोव्हेंबर २०१६मध्ये तुमच्याच जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. हल्लेखोर राउटरांचं ७५४७ हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, ठोठावत फिरत होते, आणि ते दूरच्या देखभालीसाठीच उघडं होतं. दुरुस्तीचा अपडेट कंपनीनेच पाठवला हेही खरं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्याला ताबा नको त्याचं कुलूप राहू दे, पण जो लेखी मागेल त्याला ब्रिज मोड मिळालाच पाहिजे. तुझे सासरे मागणार नाहीत, अनघाचे बाबा मागतायत.

अनघा, आता कामाचं. ब्रिज मिळेपर्यंत बाबांनी स्वतःचा राउटर घ्यावा, कंपनीच्या डब्याच्या लॅन (घराच्या बाजूच्या) पोर्टमधून केबल काढून आपल्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पोर्टला लावावी, आणि डब्याचं वायफाय बंद करावं. एवढं बहुतेक ग्राहकाच्या लॉगिनमधूनही होतं. दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ निघाला तर भांडतील, आपल्याचा बदलून १९२.१६८.५०.१ करा. मग डीएनएस, पाहुण्यांचं वायफाय, सगळं आपल्या हातात. कॅमेरा मात्र याने दिसणार नाही, सीजीनॅट तिथेच आहे. त्यासाठी घरात कायम चालू असलेल्या एखाद्या यंत्रावर टेलस्केल (आपली यंत्रं दुरून एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक चालेल. ते आतून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे पोर्ट उघडावं लागत नाही.

जर्मनीहून राउटर बॅगेत घालून आणू नकोस, डीएसएलवाला (टेलिफोनच्या तारेवर चालणारा) तर नकोच. स्टेशनजवळच्या दुकानात साधा वॅन पोर्टवाला मिळतो.

आणि बाबांना वर्षाचे पैसे एकदम भरायच्या आधी हे दोन प्रश्न ईमेलनेच विचारायला सांग: ब्रिज मोड देता का, आणि दिलात तर पीपीपीओईचं, म्हणजे नेट जोडायला राउटरमध्ये भरावं लागणारं, युजरनेम-पासवर्ड ग्राहकाला मिळेल का. फोनवर विचारलं की सगळे हो म्हणतात. आमच्या सोसायटीत दोन नेटवाले आहेत. मी हाच मेल दोघांना टाकला, त्यातल्या एकाने सरळ ‘हो’ लिहून पाठवलं. जोडणी त्याच्याकडून घेतली.

श्रीराम

---

प्रेषक: अनघा (श्टुटगार्ट)

काका, वॅन आयपी १००.७९ निघाला. जुना लॅपटॉप आहे घरी, शनिवारी बाबांना फोनवर धरून बसवते. पण बाबांच्या सोसायटीत नेटवाला एकच. कमिटीने दुसऱ्याला डक्टमध्ये केबल टाकू दिलेली नाही, आणि तो ठराव बाबा सेक्रेटरी असतानाच झालाय. आता वार्षिक सभेत तो त्यांनाच फिरवायला लावते.

अनघा