ड्रेजिंग म्हणजे 'गाळ काढणे' का?

तलावकाठ (साकोली)
समुद्रतळावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर स्कॅलप नावाचे शिंपले कसे घटले, हा विषय. तिथे लोखंडी दातांच्या जड चौकटी बोटीमागे तळावरून ओढतात. वाळूत रुतलेले शिंपले दातांनी उपटून साखळ्यांच्या पिशवीत येतात. याला म्हणतात 'ड्रेजिंग'. संपादक 'गाळ काढणे' लिहा म्हणतात. पण आपल्याकडे गाळ काढणं पुण्याचं काम. तलाव खोल होतो, गाळ शेतात पडतो. तिथे तळ उद्ध्वस्त होतो. काय लिहू?

वऱ्हाडी
'वखरणी' लिहा. लोखंड ओढत नेतात ना? शेतकऱ्याला लगेच समजते.

धुरेकरी
वखराला पास, म्हणजे आडवं पातं असते, दात नसतात. पास मातीखालून कापत जाते. दातांचं म्हणजे दाताळं. आणि वखरणी आपण पिकासाठी करतो, तिथे पीकच उपटतात. हा शब्द अजिबात नको.

मूळाक्षर
'तळकर्षण' घ्या. कृष् धातूत ओढणं आणि नांगरणं दोन्ही आहे, 'कृषी' त्यातूनच आली. एकदा नीट शब्द घडवला की रुळतो.

वऱ्हाडी
काहून रुळन? तळकर्षण ऐकून माझा बाप विचारन, कोणती परीक्षा आहे? 'खरवडणे' आहे ना आपला. दुधाच्या गंजाची खरवड साऱ्यांनी खाल्ली आहे.

मूळाक्षर
खरवडणे वरवरचं. हे दात तळात रुततात.

ढिवरपुरा
शब्द कोणताबी घ्या जी, पण तळ रिकामा नसते हे नक्की लिहा. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मशीन लावून पार मुरमापर्यंत खोदलं. गाळासोबत पाण्यातली झाडं गेली. मासा अंडी कुठं घालन? तलाव खोल झाला, मासोळी कमी झाली. म्हणून गाळ काढणंबी सारंच पुण्याचं नसते.

तलावकाठ (साकोली)
हेच लेखात आहे. स्कॅलपची पिल्लं काही आठवडे पाण्यात तरंगतात, मग तळावरच्या झुडपांसारख्या बारीक प्राण्यांना किंवा चुन्याच्या कडक शैवालाला धरून बसतात. दातांखाली तेच मोडतं. आयल ऑफ मॅन या ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या बेटावर पोर्ट एरिनजवळ 1989 मध्ये काही भागात ड्रेजिंग बंद केलं, तर पुढे शिंपले कितीतरी वाढले आणि तळावरची ही वस्तीही परतली. या वस्तीला 'समुदाय' लिहिलं तर लग्नाची मंडळी वाटते. 'तळवस्ती' चालेल?

धुरेकरी
तळवस्ती छान. पण स्कॅलपला नुसतं 'शिंपला' का? नदीतली ती 'शिंपी'. आजी वैनगंगेतल्या शिंपीला भोक पाडून कैरी सोलायची.

देवगडची (सध्या नागपूर)
आमच्याकडे शिंपल्यांतही तिसऱ्या वेगळ्या, कालवं वेगळी. कालव खडकाला चिकटून राहतं. स्कॅलप मात्र आपले शिंपले उघडमीट करून पाणी फेकतो आणि पोहतो. त्याला दोघांचंही नाव देऊ नका, स्कॅलपच ठेवा.

मूळाक्षर
शिंपी हा शुक्तीचा अपभ्रंश असावा. मग शिंपला थोरला आणि शिंपी धाकटी, असंच ना?

ढिवरपुरा
नाही जी. आमच्याकडं मोठीलाबी शिंपीच म्हणतात. शिंपला शाळेच्या पुस्तकातला.

धुरेकरी
आमच्या गावात उलट आहे. लाखांदूरकडचं कोणी आहे का इथे?