गाडीतली ॲक्टिव्ह सिस्टिम: पुढचे स्पीकर कोणते?

नमस्कार मंडळी,

सिव्हिकमध्ये पहिल्यांदाच ॲक्टिव्ह सिस्टिम (प्रत्येक स्पीकरला अँपचा वेगळा चॅनल) बसवायची आहे. डीएसपी (आवाजाचे पट्टे वाटून देणारा डिजिटल प्रोसेसर) आणि 75 वॉटचा चार चॅनलचा अँप ठरलाय, सबवूफरचा (अगदी खोल बेसचा स्पीकर) अँप वेगळा. राहिले पुढचे स्पीकर: दारात साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा) आणि वर ट्वीटर (वरच्या सुरांचा). तयार कंपोनंट सेट (वूफर-ट्वीटरची जोडी) घ्यावा की सुटे? चार ओहम आणि आठ ओहमचे स्पीकर (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) एकत्र चालतात का? स्पीकरसाठी 300 डॉलर बाजूला काढलेत.

---

उत्तर:

ओहमचं आधी उरकतो. चालतात. प्रत्येक स्पीकरला स्वतःचा चॅनल आहे, तेव्हा ट्वीटर चारचा आणि वूफर आठचा असला तरी बिघडत नाही. आठ ओहमवर अँपची ताकद साधारण निम्मी मिळते, एवढंच. सेन्सिटिव्हिटीतला (तेवढ्याच ताकदीत किती मोठा वाजतो त्यातला) फरक डीएसपीत ट्वीटरची पातळी उतरवून जुळवता येतो. सेटबरोबर येणारा पॅसिव्ह क्रॉसओव्हर (आवाजाचे पट्टे वेगळे करणारा भाग) तुमच्या काही कामाचा नाही, पैसे मात्र त्याचेही मोजता. सुटेच घ्या.

खरं बघायचं ते हे: ट्वीटर खाली कुठवर उतरतो, वूफर वर कुठवर चढतो, आणि दोघांची गाठ पडते का. साडेसहा इंची वूफरचा कोन साधारण 13 सेंटिमीटरचा. 2,600 हर्ट्झच्या आसपास ध्वनीची तरंगलांबी तेवढीच होते आणि तिथून आवाज झोतासारखा समोर जायला लागतो. गाडीत समोर कान नसतात, पोटरी असते. म्हणून वूफर 2,500च्या आतच कापलेला (त्यावरचे सूर त्याला न दिलेला) बरा.

आता ट्वीटर. त्याचा एफएस (स्वतःच्या कंपनाची वारंवारता) क्रॉसओव्हरच्या, म्हणजे जिथे कापतो त्या वारंवारतेच्या, निम्म्याहून जास्त नको. आरशाच्या त्रिकोणात सहज बसणारे 20 मिलिमीटरचे बरेचसे ट्वीटर 1,500च्या आसपास किंवा वरच्या एफएसचे असतात. ते 3,000–3,500च्या खाली ओढले की आवाज वाढवताच बोचायला लागतात, आणि वर ठेवले तर मधला पट्टा दाराकडून पोकळ येतो. बायकांचे आवाज नेमके तिथेच फसतात. त्यापेक्षा मागे चेंबर (बंद पोकळी) असलेला 28 मिलिमीटरचा, एफएस 1,000च्या आतला ट्वीटर घ्या आणि 2,000–2,500ला दर सप्तकाला 24 डीबी उताराने कापा. बसवायला त्रास होईल, ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या कडेचा खांब) कप करावा लागेल. तो त्रास घेण्यासारखा आहे.

---

उत्तर:

वरच्या दादांच्या ट्वीटरच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. वूफरबद्दल थोडं.

दार म्हणजे बंद खोकं नव्हे. क्यूटीएस (कोनची हालचाल किती आवरली जाते त्याचा आकडा) 0.5 ते 0.7 असलेला वूफर दारात भरदार वाजतो. 0.3 वाला महागडा होम ऑडिओ वूफर पोर्टेड (भोक ठेवलेल्या) खोक्यासाठी केलेला असतो, दारात तो खालून पातळ पडतो. एक्समॅक्स (कोन एका बाजूला किती सरकू शकतो ते) निदान 4–5 मिलिमीटर हवा, आणि खालून 80 हर्ट्झला कापा, बाकी सबकडे सोडा.

स्पीकरसाठी दाराची खोली मोजताना काच पूर्ण खाली करून मोजा. मॅग्नेट आणि काच यांच्यात 5 मिलिमीटर तरी राहू द्या. जागा अपुरी पडली तर रिंग लावून स्पीकर बाहेर घेता येतो, पण मग दाराचं आतलं पॅनल परत बसेल ना, ते आधी पाहा. रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको, दारात पाणी उतरतं आणि ती फुगते, एचडीपीई प्लास्टिकची घ्या. दाराच्या पत्र्यातली मोठी भोकं बंद केली नाहीत तर कोनच्या मागची हवा पुढच्या हवेला मारते आणि 200 डॉलरचा वूफर 40चा वाटतो.

---

उत्तर:

ट्वीटरच्या तारेत कपॅसिटर (खालचे सूर अडवणारा सुटा भाग) घालू का? डीएसपी असताना गरज नाही असं वाचलं.

---

उत्तर:

घाला. ॲक्टिव्हमध्ये ट्वीटर थेट अँपला असतो. चुकीचा प्रीसेट (डीएसपीत साठवलेली मांडणी) चढला किंवा आरसीए (अँपकडे सिग्नल नेणाऱ्या तारा) अदलाबदल झाली की पूर्ण बेस त्यात जातो आणि कॉइल जळते. चार ओहमला 47 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर, 100 व्होल्टचा. तो साधारण 850 हर्ट्झला कापतो. फेजवर (ध्वनिलहरींच्या वेळेच्या जुळणीवर) थोडा परिणाम होतोच, पण डीएसपीचं मोजमाप कपॅसिटर लावूनच केलंत तर तो त्यात धरला जातो.

पहिल्यांदा चालू करताना ट्वीटर सोडवून ठेवा. सगळ्या चॅनलना आलटून पालटून वूफर जोडा आणि पिंक नॉइज (चाचणीचा सलग खरखराट) अगदी हळू वाजवा. ट्वीटरच्या चॅनलवर फक्त फुसफुस यायला हवी. घुमघुम आली तर क्रॉसओव्हर सेव्ह झालेला नाही किंवा तार चुकली आहे. हे चारही चॅनलला तपासूनच ट्वीटर जोडा. नंतर डीएसपीत अंतराचा विलंब भरा, म्हणजे सगळ्या स्पीकरचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचतो: दर 34 सेंटिमीटरच्या फरकाला 1 मिलिसेकंद, सर्वांत लांबचा स्पीकर शून्यावर.